भुवईतली खाच

हे प्रकरण मी आजवर टाळत आलो. या आठवणी लिहायला बसलो तेव्हा वाडी, शाळा, चित्रकलेच्या परीक्षा, नोकरी असं सगळं लिहून होत गेलं, पण या एका ठिकाणी आलो की दरवेळी मी पुढचं पान घ्यायचो. घरच्यांनाही कधी सांगितलं नाही. आता सांगतो, आणि मुद्द्याचं आधी सांगून टाकतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. नायगावला एका घराच्या भिंतीवर पेन्सिलीने काढलेलं एका तरुण मुलीचं चित्र आहे. चौकटीच्या खालच्या पट्टीवर ‘रेमेत’ असं नाव आहे. चित्र मी काढलेलं आहे. ते रेमेतचं नाही. ते कोणाचं आहे हे दोघांनाच ठाऊक होतं. त्यातली एक आता नाही.

आमची वाडी आगाशीच्या बाजारापासून पश्चिमेला, चालत जाण्याच्या अंतरावर होती. आत केळी आणि पानवेली, कडेने नारळ, आणि विहिरीच्या सांडपाण्यावर आईने लावलेला अळू. बाबा पहाटे विहिरीवरचं इंजिन सुरू करायचे आणि त्याच्या फटफटीत घर जागं व्हायचं. तो आवाज अंगवळणी पडलेला, त्यामुळे तो थांबला की आम्ही दचकायचो. आई चुलीपासूनच हाक मारायची, "इंजिन पडलं का तुम्ही पडलात, ते तरी कळू द्या." बाबा उत्तर द्यायचे नाहीत. थोड्या वेळाने इंजिनच उत्तर द्यायचं. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलायचो. ती आमच्या पट्ट्याबाहेर फारशी कोणाला कळत नाही, म्हणून इथे सगळ्यांचं बोलणं मी शाळेच्या मराठीत लिहितो आहे. आमच्याकडच्या जुन्या माणसांनी वाचताना ते मनातल्या मनात आपल्या बोलीत करून घ्यावं.

पावसाळा सरला की राजेळी केळी पिकवून, सोलून सुकेळ्यांसाठी उन्हात मांडवावर घालायची. सगळ्या अंगणाला गोड, किंचित आंबूस वास यायचा. माश्या हाकायचं काम माझ्याकडे होतं, आणि त्याच वेळी मी मांडीवर फळी घेऊन चित्र काढायचो. म्हणजे धड माश्या हाकल्या जात नव्हत्या आणि धड चित्रही होत नव्हतं. सुकेळ्याला चिकटलेली बोटं कागदाला लागली की तेवढ्या जागेवर पेन्सिल धरायची नाही, पांढरट डाग राहायचा. आमच्या चित्रकलेच्या राऊतसरांनी असा एक डाग बघून विचारलं होतं, "हे काय, चंद्र?" मी म्हटलं, "सुकेळं, सर." ते म्हणाले, "मग पुढच्या वेळी कागदावर नको, डब्यात घालून आण."

राऊतसर आगाशीचेच, बारीक अंगाचे. सदऱ्याच्या खिशात ब्लेडचा अर्धा तुकडा कागदात गुंडाळून ठेवलेला असायचा. इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणाऱ्या आम्हा मुलांना ते शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायचे. पहिले काही आठवडे त्यांनी आम्हाला एकही वस्तू काढू दिली नाही. नुसत्या पट्ट्या भरायच्या, एका टोकाला कोरा कागद आणि दुसऱ्या टोकाला सहा-बी पेन्सिलीचा गडद काळा, आणि मधे कुठे पायरी दिसता कामा नये. पेन्सिलीला टोक काढायचं ते ब्लेडने, शिसं लांब उघडं ठेवून. बोटाने घासलेलं त्यांना चालायचं नाही. "घासून काजळ होतं, उजेड होत नाही," असं म्हणून ते कागद परत द्यायचे.

मग अंडं आलं. आमच्या घरी कोंबड्या होत्या, म्हणून अंडी आणायचं काम माझ्यावर. "उकडून आण, म्हणजे वर्ग संपल्यावर मॉडेल वाया जाणार नाही," असं सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं. मी अंड्याची बाहेरची रेघ काढली आणि आत छाया भरायला लागलो. सरांनी ती रेघ खोडरबराने पुसली. मी परत काढली, त्यांनी परत पुसली. म्हणाले, "सांतू, अंड्याला रेघ कुठे आहे ते मला बोट लावून दाखव." मला दाखवता आली नाही. अंडं जिथे संपत होतं तिथे मागचं फडकं सुरू होत होतं, एवढंच. "तेवढंच काढायचं," ते म्हणाले. पेन्सिलीच्या रेघा वस्तूच्या गोलाईबरोबर वळवायच्या, डोळे किलकिले करून पाहायचं म्हणजे बारीकसारीक गळून जातं आणि उजेड-काळोख तेवढा उरतो, पडलेली सावली वस्तूला टेकते तिथे सगळ्यात गडद असते आणि दूर जाताना विरत जाते, हे सगळं त्या अंड्यावर शिकलो. एक गोष्ट मात्र मला पटत नव्हती. सर म्हणायचे, अंड्याच्या काळोख्या बाजूला अगदी खालच्या कडेशी पुन्हा थोडा उजेड असतो. मी म्हटलं, उजेड खिडकीतून येतो, तो खालून कसा येईल? सरांनी आपली काळी छत्री अर्धवट उघडून अंड्याखाली सारली. खालच्या कडेचा उजेड विझल्यासारखा गेला. छत्री काढली, पांढरं फडकं परत आलं, उजेड परत आला. "फडकं आपला उजेड त्याला देतं," सर म्हणाले. "शेजारी जे असेल त्याचं थोडं अंगावर येतंच." मी पुढे बरीच वर्षं चित्रकला शिकवली, आणि छत्रीचा हा प्रयोग दरवर्षी केला. मुलांचे चेहरे दरवर्षी माझ्यासारखेच व्हायचे.

आमच्या कुंपणापलीकडे मर्तूबायचं घर. कुंपणात माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट होती, तीच दोन्ही घरांची वाट. मर्तूबायचा नवरा लवकर गेलेला. दोन मुली, थोरली रेमेत आणि पाठची आग्नेस. दोघींच्या वयात फार अंतर नव्हतं आणि चेहऱ्याची ठेवणही एक, रुंद गालफडं, आखूड नाक, हनुवटी थोडी पुढे. पण कोणी एकीला पाहून दुसरीच्या नावाने हाक मारली नसती. रेमेत हळू बोलायची, देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, गायनाच्या बाकावर बसायची, आणि तिची मान नेहमी एका बाजूला कललेली असायची. आग्नेस सरळ समोर बघायची आणि तोंडाला येईल ते बोलायची. लहानपणी ती आमच्या जांभाच्या झाडावरून पडली होती. डाव्या भुवईत खोक पडली ती भरली, पण तेवढ्या जागेत केस परत आले नाहीत. बोटाच्या पेराएवढी खाच राहिली. त्या झाडावर तिला मीच चढवलं होतं. ती म्हणायची, "सांतूने माझ्यावर पहिली सही केली आहे."

रेमेतचं लग्न ठरत आलं होतं. फोटो काढायला विरारला जायचं होतं, पोलकं शिवायला टाकलेलं होतं, तेवढ्यात कावीळ झाली. पोलकं शिवून आलं त्या आठवड्यात ती गेली. आमच्याकडे तेव्हा पद्धत होती, अजूनही काही घरांत आहे, की माणूस गेलं की शवपेटी अंगणात ठेवायची, घरची सगळी माणसं भोवती उभी राहायची आणि फोटोग्राफर स्टुलावर चढून वरून फोटो काढायचा. कित्येक घरांत माणसाचा तो एकच फोटो असे. रेमेतचाही तोच राहिला. मधे ती नव्या पोलक्यात, मिटलेल्या डोळ्यांनी, भोवती आम्ही सगळे. पेटीच्या डोक्याशी आग्नेस आहे, पण ऐन वेळी खाली वाकून फुलं सारखी करत असल्यामुळे तिचा नुसता भांग आला आहे.

काही महिन्यांनी मर्तूबाय फटीतून आडवी होऊन आमच्याकडे आली. हातात तो फोटो होता, पदरात गुंडाळलेला. आई भाकऱ्या करत होती. मर्तूबाय सरळ माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "तू पेन्सिलीने अंडं गोल करतोस म्हणे. हातात घ्यावंसं वाटेल इतकं."

"तसं काही नाही, बाय."

"मग माझ्या रेमेतचे डोळे उघडून दे. वर्ष भरल्यावरच्या मिस्साला मला तिला उभी बघायची आहे. ही अशी आडवी मला बघवत नाही."

आई म्हणाली, "अजून शिकतो आहे तो. त्याला जमेल का?" मला मात्र आईच्या त्या बोलण्याचा राग आला आणि मी हो म्हणून बसलो.

फोटोतला चेहरा मी कागदावर मोठा करून घेतला, छाया जशीच्या तशी भरली आणि पापण्यांच्या जागी उघडे डोळे काढले. कागदावर नाक-तोंड सगळं जागच्या जागी होतं. मर्तूबायला दाखवलं. तिने कागद लांब धरला, जवळ धरला, मग पालथा करून ठेवला. "ही झोपलीच आहे अजून," ती म्हणाली. "डोळे उघडे ठेवून झोपली आहे."

मी तो कागद राऊतसरांकडे नेला. सरांनी तो पाहिला, फोटो पाहिला आणि शाळेच्या अंगणातल्या बाकावर चष्मा काढून उताणे झोपले. मुलं हसायला लागली. सर झोपल्या झोपल्या म्हणाले, "हसा नंतर. सांतू, माझ्या नाकाखाली सावली आहे का?" नव्हती. वरून आभाळाचा उजेड सरळ त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता, डोळ्यांच्या खोबण्यांतसुद्धा. मग ते उठून बसले. "आता?" आता भुवयांखाली, नाकाखाली, खालच्या ओठाखाली, हनुवटीखाली सगळीकडे सावली आली होती. "उभ्या माणसावर उजेड डोक्याकडून येतो," ते चष्मा लावत म्हणाले. "तू आडव्या माणसाचा उजेड उभ्या माणसाला दिलास. डोळे उघडून काय होणार? उजेड फिरव."

"पण मग सावली कुठे किती, ते कसं कळणार?"

"खालचं हाड माहीत असलं तर कळेल. तिच्या ठेवणीचं घरात कोणी आहे?"

"बहीण आहे."

"तिला बसव. पण एक सांगून ठेवतो. हाडं तिच्याकडून घे, चेहरा फोटोतून घे. गल्लत करू नकोस."

आग्नेसला मी फटीपाशी गाठून विचारलं. ती म्हणाली, "आईला कळलं तर दोघांनाही झाडूने मारील. जिवंत मुलीच्या तोंडावरून मेलेलीचं चित्र, असं कोणी करतं का?" मी म्हटलं, फक्त गालाची हाडं बघायची आहेत. तिने थोडा विचार केला. "मग नंतर माझं एक काढायचं. खाचेसकट. कबूल?" मी कबूल म्हटलं. मर्तूबायला आम्ही असं सांगितलं की आग्नेस मला रेमेतच्या चेहऱ्याच्या खाणाखुणा सांगायला येते. हे पहिलं खोटं दोघांचं होतं. पुढचं सगळं माझं.

रविवारी मिस्सा झाली की ती देवळातल्याच कपड्यांत आमच्या मागच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीशी स्टुलावर बसायची. स्वयंपाकघरातून रविवारच्या मटणाचा वास यायचा, बाबा बाहेर पानं मोजून त्यांच्या जुड्या बांधत असायचे, आणि ती बडबड करत राहायची. मी म्हणायचो, तोंड हलवू नकोस. ती म्हणायची, "रेमेत गप्प बसायची म्हणून तिला मुलगा लवकर मिळाला. मला असाच एखादा बहिरा बघावा लागेल." आई आतून म्हणायची, "बहिरा कशाला, आमचा सांतू आहे की, त्याला सांगितलेलं ऐकू येत नाहीच." आग्नेस हसायची आणि माझी सावली मोडायची. गालाची वळणावरची छाया ओठाशी जाऊन मिळते ती जागा हसताना पार बदलते, हे मला तेव्हा कळलं.

आता झालं ते सांगतो. फोटो माझ्या फळीवर टाचणीने लावलेला होता. पहिल्या रविवारी मी दर थोड्या वेळाने त्याच्याकडे बघत होतो. दुसऱ्या रविवारी कमी. फोटोतला चेहरा नखाएवढा, पांढरट, आणि समोर एक पूर्ण चेहरा, श्वास घेणारा, कपाळापासून हनुवटीपर्यंत उजेड नीट उतरलेला. डोळ्याच्या खोबणीतली मऊ छाया, नाकाच्या शेंड्यावर कोरा सोडायचा ठिपका, हनुवटीखाली पांढऱ्या पोलक्यातून वर आलेला फिकट उजेड. अंड्यावर शिकलेलं सगळं मला तिथे सापडत होतं आणि हात इतका सरळ चालत होता की मला थांबायचं नव्हतं. मी फोटो बघायचा सोडून दिला. चुकून नाही. शेवटी शेवटी तो टाचणीवरून निसटून खाली पडला, तो मी उचललाही नाही.

चित्र होत आलं त्या रविवारी आग्नेस स्टुलावरून उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "सांतू, ही मी आहे."

"ठेवण एकच आहे तुमची."

"ठेवण जाऊ दे. रेमेत अशी समोर बघायची? तिची मान कधी सरळ असायची?"

मी म्हटलं, "भुवई बाकी आहे अजून." तिची डावी भुवई मी दिसत होती तशीच काढली होती, मधे कोरी जागा सोडून. सहा-बीची पेन्सिल उचलली.

"ती राहू दे," आग्नेस म्हणाली.

"राहिली तर सगळ्यांना कळेल."

"मग कळू दे की."

मी खाच भरली. वेळ लागला नाही, केसांसारख्या बारीक रेघा, वळणाबरोबर. पण हात नेहमीपेक्षा जड पडला. शिसं फार दाबलं की कागदावर काळं व्हायच्या ऐवजी चमकायला लागतं, आणि ती चमक कशानेही जात नाही. त्या भुवईवर बाजूने उजेड पडला की तेवढाच तुकडा चमकतो. इतरांच्या नजरेला तो येत नाही. मला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो.

वर्षाच्या मिस्सानंतर माणसं मर्तूबायच्या अंगणात जमली. चहा, पाव, सुकेळी, आणि ज्यांना जेवायचं त्यांना वाटाण्याची भाजी आणि भात. चित्र काच लावून आत टेबलावर, घरातल्या देव्हाऱ्यासारख्या आल्तारच्या शेजारी पांढऱ्या कपड्याखाली ठेवलं होतं. मर्तूबायने कापड काढलं. काचेवर हात ठेवला, गालाच्या जागेवर, आणि तशीच उभी राहिली. "उठली," ती म्हणाली. एवढंच. मग बायका रडायला लागल्या, आणि गायनाच्या बाकावरच्या मुली म्हणाल्या, अगदी तीच, आता गाईल असं वाटतं. आग्नेस किटली घेऊन त्या गर्दीतून फिरत होती. माणसं तिच्या हातून चहा घेत होती आणि मान वळवून चित्राकडे बघत होती, आणि एकालाही या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघावंसं वाटलं नाही. मलाही तेव्हा त्याचं नवल वाटलं. आता वाटत नाही. त्या दिवशी सगळे एकीलाच शोधायला आले होते.

मी माझा चहा घ्यायला गेलो तेव्हा आग्नेसने कप भरता भरता हळू आवाजात म्हटलं, "आता सांग."

"आजच्या दिवशी?"

"मग कधी?"

"सांगतो. जरा दिवस जाऊ दे. बाय किती खूश आहे बघ."

"खूश आहे खरी," ती म्हणाली. "माझ्याकडे बघून ती कधी एवढी खूश झाली नाही." मग पुढच्या माणसाकडे वळली.

मी सांगितलं नाही. त्या वर्षी मी परीक्षा वरच्या श्रेणीत पास झालो. राऊतसर एकदा मर्तूबायच्या घरी जाऊन चित्र बघून आले. आग्नेस तेव्हा घरात नव्हती, आणि सरांनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "गल्लत केली नाहीस." तिथे मला तोंड उघडता आलं असतं. सर रागावले असते आणि त्यांनी चित्र पुन्हा काढायला लावलं असतं, यापलीकडे काही झालं नसतं. पण तोवर गावोगावची माणसं माझ्याकडे पेटीतले फोटो घेऊन यायला लागली होती. मिटलेले डोळे उघडणारा मुलगा म्हणून माझं नाव झालं होतं. पुढे चित्रकला शिक्षकाची नोकरी मिळाली तीसुद्धा त्या नावावरच, आणि मुलाखतीत मी रेमेतच्या चित्राचीच गोष्ट सांगितली. उजेड कसा फिरवला ते सांगितलं. स्टुलावर कोण बसलं होतं ते सांगितलं नाही.

आग्नेसचं चित्र मी कधी काढलं नाही. ती आधी विचारायची, मी परीक्षेचं सांगायचो, मग नोकरीचं. खरं कारण असं की ते काढलं असतं तर दोन्ही चित्रं शेजारी ठेवून कोणालाही कळलं असतं. मर्तूबाय रोज संध्याकाळी चित्राशी मेणबत्ती लावून रोझरी म्हणायची आणि दिवसभराचं काय काय झालं ते त्या चेहऱ्याला सांगायची. आग्नेस पाठीमागे भांडी घासत असायची. तिला बघायला पाहुणे येणार होते त्या दिवशी तिने चित्र होतं त्या पुढच्या खोलीत बसायला नकार दिला. त्यामुळे घरात भांडण झालं, आणि त्याचं कारण आमच्या आईला, बाबांना, कोणालाच कळेना. मला कळत होतं. मी तेव्हा वाडीत होतो, इंजिनाजवळ. तिथे भांडण ऐकू येत नाही.

लग्न होऊन ती नायगावला गेली. मुलगी झाली, लीना. मग मर्तूबाय थकली आणि लेकीकडे राहायला गेली, आणि जाताना कपड्यांच्या पेटीबरोबर चित्रही घेऊन गेली. त्यामुळे आग्नेसच्या स्वतःच्या घरात, तिच्याच भिंतीवर, तिचाच चेहरा बहिणीच्या नावाने राहिला. मर्तूबाय वारल्यावरही तिने तो उतरवला नाही. मला वाटायचं, आता तरी उतरवील किंवा लीनाला सांगून टाकील. एकदा आगाशीच्या बाजारात भेटली. केस पांढरे व्हायला लागले होते. मी विचारलं, कशी आहेस. म्हणाली, "बरी आहे. तुझ्या चित्रापुढे मेणबत्ती अजून लावते. मी मेल्यावर माझं चित्र काढायला येऊ नकोस, झालेलं आहे काढून." आणि हसली. जुन्याच पद्धतीने, सगळी सावली मोडून. माझ्याबरोबर माझी बायको होती. तिने नंतर विचारलं, ती काय म्हणाली? मी म्हटलं, तिला थट्टेची सवय आहे.

तू का नाही सांगितलंस, असं आग्नेसला मी कधी विचारलं नाही. मला वाटतं, ते मी सांगायचं होतं म्हणून तिने सांगितलं नाही.

ती गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाक्य ठरवूनच निघालो. नायगावला आता स्टेशनपासूनच इमारती लागतात. तिचं घर मात्र जुनंच, खाडीच्या बाजूला, खालच्या जमिनीवर. माणसं दारापर्यंत उभी होती. लीनाने मला ओळखलं आणि हाताला धरून आत नेलं. भिंतीवर चित्र होतं, दिव्याच्या माळेखाली, आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडात ती भुवई चमकत होती.

"अंकल, एक रिक्वेस्ट होती," लीना म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता. "मम्मीचा यंग असतानाचा एकपण फोटो नाही आमच्याकडे. लग्नाचा अल्बम होता, तो घरात पाणी शिरलं तेव्हा सगळा चिकटून गेला. ही फ्रेम वर होती म्हणून वाचली. मोबाईलमध्ये आहेत ते सगळे आजारपणातले. तुम्ही मम्मीचं एक काढून द्याल? हे रेमेतमावशीचं आहे ना, ह्याच्यावरूनच घ्या. दोघी सेम दिसायच्या म्हणतात. फक्त भुवईत तेवढी खाच घाला."

मी चित्राकडे बघितलं. चार शब्द पुरे होते. लीना माझ्याकडे बघत होती, तिच्या मागे फुलं घेऊन माणसं थांबली होती.

"बघतो," मी म्हटलं.

मग पेटीपाशी गेलो. वरच्या दिव्याचा उजेड सरळ तिच्या चेहऱ्यावर पडत होता, नाकाखाली सावली नव्हती. भुवया विरळ झाल्या होत्या, पण खाच दिसत होती. मनात धरून आणलेलं वाक्य असं होतं: आग्नेस, भिंतीवर तू आहेस, हे मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं, माझं चुकलं. कोणीतरी पवित्र पाण्याची वाटी माझ्यापुढे धरली. मी डहाळी बुडवून पाणी शिंपडलं आणि मागच्यांना जागा करून दिली.